परदेशी यंत्राच्या पाठीवरचे दोन आकडे

अमेरिकेतून आणलेले विजेचे कोणतेही उपकरण उलटे करून पाहा. तळाशी किंवा पाठीमागे एक लहानशी पट्टी चिकटवलेली असते आणि तीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ५०० वॅट अशासारखा मजकूर असतो. आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. मुलगा किंवा मुलगी परदेशातून कौतुकाने काहीतरी घेऊन येते, घरातले सगळे भोवती जमतात, बटण दाबले जाते आणि क्षणभराच्या निळसर उजेडानंतर जळक्या वार्निशाचा वास तेवढा उरतो. असे प्रसंग आपल्याकडे पुष्कळ घरांत घडले आहेत. मग कोणीतरी सांगते, ‘अहो, कन्व्हर्टर घ्यायचा होता!’ दुकानात जावे तर एक कन्व्हर्टर मुठीत मावणारा, दुसरा दोन हातांनी उचलावा लागणारा. दोन्हींवर ‘२२० ते ११०’ असेच लिहिलेले आणि किमतीत मात्र मोठा फरक. घ्यायचा कोणता?

उत्तर पट्टीवरच्या दोन्ही आकड्यांवर अवलंबून आहे आणि बहुतेक जण फक्त पहिलाच वाचतात. हे दोन आकडे जगात सगळीकडे सारखे का नाहीत, हा प्रश्न वर्गातही हमखास येतो. निसर्गाचा कोणताही नियम १२० सांगत नाही किंवा २३० सांगत नाही. हे आकडे इतिहासात ठरले. पहिला ठरला तो दिव्यातली तार आणि तांब्याचा भाव यांच्या ओढाताणीतून. दुसरा ठरला तो कारखान्यांच्या सवयीतून.

पहिल्यापासून सुरुवात करू. थॉमस एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर आपले वीजकेंद्र सुरू केले. वीज एकदिश, म्हणजे आपण ज्याला डी.सी. म्हणतो ती, आणि दाब सुमारे ११० व्होल्ट. वीज विकायची ती फक्त दिव्यांसाठी. विजेचा पंखा, इस्त्री, मिक्सर ही उपकरणे तेव्हा घरोघर नव्हती. म्हणून दाब किती ठेवायचा हे दिव्यानेच सांगितले. एडिसनच्या दिव्यात कोळशाची बारीक तार असे. दाब वाढवायचा तर तारेचा रोध वाढवायला हवा, म्हणजे ती आणखी लांब आणि आणखी बारीक करायला हवी. कोळशाची तार आधीच इतकी नाजूक, की त्यापलीकडे ती टिकेना. दाब कमी ठेवावा तर दिवे बरे टिकतील, पण मग तेवढ्याच उजेडासाठी रस्त्याखालून जास्त प्रवाह वाहून न्यावा लागेल आणि त्यासाठी जाड तांबे पुरावे लागेल. शंभर-एकशे दहाच्या आसपास दोन्ही बाजू कशाबशा जमत होत्या.

तांब्याचा हा हिशोब आठवी-नववीच्या मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. दाब दुप्पट केला तर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा पुरतो. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून तेवढेच नुकसान सोसायचे ठरवले तर तारेचा रोध चौपट चालतो. रोध चौपट म्हणजे तारेचा छेद पाव. म्हणजे तांबे पाव! एडिसनला हे गणित पक्के ठाऊक होते. त्याच्या केंद्राची वीज मैलभराच्या पलीकडे नेणे परवडत नसे, ते तांब्यामुळेच.

त्याने लवकरच एक फार सुंदर युक्ती काढली. दोन जनित्रे एकापुढे एक जोडायची आणि दोनऐवजी तीन तारा न्यायच्या. बाहेरच्या दोन तारांमध्ये २२० व्होल्ट, मधली तार आणि कोणतीही बाहेरची तार यांच्यात ११०. दिव्यांना मिळतात ११०, पण वीज वाहते ती जणू २२० च्या दाबाने. दोन्ही बाजूंना सारखेच दिवे लागले असतील तर मधल्या तारेतून काहीच वाहत नाही. आधीच्या प्रत्येक तारेचा छेद १ धरला तर दोन तारांचे तांबे २. आता प्रत्येक तार पाव छेदाची, तारा तीन, म्हणजे तांबे पाऊण. पाऊण भागिले दोन म्हणजे तीन अष्टमांश. साडेबासष्ट टक्के तांबे वाचले.

ही तीन तारांची पद्धत अमेरिकन घरात आजही आहे. एकदिश प्रवाह गेला, प्रत्यावर्ती म्हणजे ए.सी. आला, ११० चे हळूहळू ११५ आणि पुढे १२० झाले, पण घरात येतात त्या तीनच तारा: दोन जिवंत आणि मधली न्यूट्रल. भिंतीतल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट, तर मोठी शेगडी आणि कपडे वाळवण्याचे यंत्र यांना २४०. ‘अमेरिकेत एकशे दहाच असतात’ हे म्हणून अर्धेच खरे. एकशे दहा व्होल्ट सुरक्षिततेसाठी निवडले असेही सांगितले जाते. एडिसनने पुढे प्रतिस्पर्ध्यांच्या उच्च दाबाविरुद्ध सुरक्षिततेचा पुष्कळ डांगोरा पिटला हे खरे, पण आकडा आधीच ठरलेला होता आणि तो दिव्याच्या तारेने ठरवला होता. शिवाय १२० व्होल्टही जीव घेऊ शकतात, हे मुलांना सांगितलेच पाहिजे.

मैलाची मर्यादा मोडली ती रोहित्राने, म्हणजे ट्रान्सफॉर्मरने. गोलार आणि गिब्ज या जोडीने १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याचे एक रूप दाखवले. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी १८८५ मध्ये बंद गाभ्याचे, खऱ्या अर्थाने उपयोगी रोहित्र केले. अमेरिकेत विल्यम स्टॅन्लीने मार्च १८८६ मध्ये ग्रेट बॅरिंग्टन या गावात रोहित्रांच्या मदतीने दुकाने उजळली. स्टॅन्लीच्या मागे जॉर्ज वेस्टिंगहाऊस होता. पुढची एडिसन-वेस्टिंगहाऊस लढाई फार रंगवून सांगितली जाते, म्हणून ती येथे सोडून देतो. आपल्याला हवी आहे ती एकच गोष्ट. लांबवर नेताना दाब हजारो व्होल्टपर्यंत चढवता येऊ लागला तरी घराच्या दाराशी तो पुन्हा उतरवून शंभर-एकशे दहावरच आणला गेला, कारण बाजारातले दिवे त्याच दाबाचे होते. पद्धत बदलली, तरी दिव्याने घालून दिलेला आकडा तसाच राहिला.

तो मोडला बर्लिनने. १८९९ मध्ये तेथील वीज कंपनीने ११० सोडून २२० व्होल्टने वीज द्यायचे ठरवले. मागणी वाढत होती आणि रस्त्याखालचे तांबे अपुरे पडू लागले होते. सगळे रस्ते पुन्हा खणून जाड तारा घालायच्या, की दाब दुप्पट करायचा? कंपनीने हिशोब केला आणि ग्राहकांची उपकरणे बदलून देण्याचा खर्च स्वतः सोसायची तयारी दाखवली. तांब्यात वाचणाऱ्या पैशांतून तो भरून निघणार होता. तेव्हा ग्राहकाकडे बदलण्यासारखे होते तरी काय? बहुतांश दिवेच. हळूहळू बर्लिनचा आकडा जर्मनीचा झाला आणि पुढे युरोपच्या बऱ्याच भागाचा झाला. अमेरिकेत मात्र दिवे, इस्त्र्या आणि पंखे घरोघर पोचले आणि तो बदल आवाक्याबाहेर गेला. वीज जेथे आधी पसरली तेथे जुना आकडा अडकून पडला. जेथे ती थोडी सावकाश पसरली तेथे नवा आकडा घेता आला. पुढे असण्याचा असाही तोटा असतो.

ब्रिटनमध्ये बराच काळ गावोगावचे दाब वेगवेगळे होते. १९२६ च्या कायद्यानंतर राष्ट्रीय ग्रिड उभी राहिली आणि शेवटी घरगुती दाब २४० वर स्थिरावला. युरोप २२० वर, ब्रिटन २४० वर; मग समान बाजारपेठेसाठी दोघांनी २३० हा मधला आकडा मान्य केला. १ जानेवारी १९९५ पासून ब्रिटनचा अधिकृत दाब २३० झाला. गंमत अशी, की त्यासाठी कोठे एक स्क्रूही फिरवावा लागला नाही. वर-खालची सूट अशी आखली, की जुने २४० तिच्यातच बसले. आपल्या जुन्या पंख्यांवर कधी २२०, कधी २३०, कधी २४० दिसते ते याच कुटुंबातले आहे. त्या फरकाची काळजी करण्याचे कारण नाही.

आता दुसरा आकडा. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला किती वेळा पूर्ण हेलकावा घेतो ती त्याची वारंवारता. सुरुवातीला येथे अक्षरशः बेबंदशाही होती. वेस्टिंगहाऊसची पहिली यंत्रे १३३ १/३ हर्ट्झची होती. हा विचित्र आकडा येतो तो तेव्हा प्रवाहाचे दिशाबदल मिनिटाच्या हिशोबाने मोजत म्हणून. मिनिटाला १६ हजार दिशाबदल म्हणजे ८ हजार पूर्ण हेलकावे, भागिले ६०. दिव्यांना इतकी वारंवारता चालते, रोहित्रही लहान होते, पण मोटारींना ती मानवत नाही. मोटारींना कमी हवी. फार कमी केली तर दिवे डोळ्यांना जाणवण्याइतके लुकलुकतात. नायगाराचे केंद्र १८९५ मध्ये सुरू झाले ते २५ हर्ट्झवर. तेथे पाण्याच्या चक्राचा वेग मिनिटाला २५० फेरे असा आधीच ठरला होता. जनित्राला ८ ध्रुव दिले तर १६ २/३ हर्ट्झ मिळणार, १६ दिले तर ३३ १/३. दोन्ही बाजूंचे म्हणणे सोडून १२ ध्रुवांवर तडजोड झाली आणि २५ हर्ट्झ आले. फेरे गुणिले ध्रुव भागिले १२० हे सूत्र मुलांना द्या आणि पडताळून पाहायला सांगा.

जर्मनीत १८९१ साली लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत १७५ किलोमीटर वीज नेली गेली, ती ४० हर्ट्झची. पुढे तेथल्या ए.ई.जी. कंपनीने ५० हर्ट्झ हा आपला नेम केला, तर अमेरिकेत वेस्टिंगहाऊसने ६०. या दोन बड्या कारखान्यांची यंत्रे जेथे जेथे गेली तेथे तेथे त्यांचा आकडा गेला. या दोन आकड्यांमध्ये कोणताही फार मोठा गुणदोष नाही, असे मला वाटते. ६० ला रोहित्रे आणि मोटारी थोड्या लहान होतात, ५० ला लांबच्या तारांवर थोडा फायदा होतो. खुद्द अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियाचा मोठा भाग १९४८ पर्यंत ५० हर्ट्झवर होता.

कारखान्याच्या सवयीचे सर्वांत ठळक उदाहरण जपानचे. १८९५ च्या सुमारास टोकियोच्या वीज कंपनीने जर्मनीहून ए.ई.जी.ची ५० हर्ट्झची जनित्रे मागवली. त्यानंतर थोड्याच काळात ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेहून जनरल इलेक्ट्रिकची ६० हर्ट्झची मागवली. दोन शहरे, दोन खरेदी-पत्रे; त्या वेळी त्यात कोणालाच काही वावगे दिसले नसणार. जाळी वाढत वाढत एकमेकांना भिडली तेव्हा देश दुभंगलेला होता. शिझुओकामधल्या फुजी नदीपासून वर नीगातामधल्या इतोइगावापर्यंत ढोबळ रेषा काढली, की पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०. दाब दोन्हीकडे १०० व्होल्ट. टोकियोहून ओसाकाला बदली झालेल्या माणसाला धुलाई यंत्र आणि मायक्रोवेव्ह भट्टी नव्या गावी चालेल की नाही हे पाहावे लागे. तबकड्या वाजवण्याच्या यंत्रांची आतली कप्पी बदलून घ्यावी लागे, नाहीतर गाणे घाईत किंवा रेंगाळत वाजायचे.

याची खरी किंमत दिसली ती २०११ मध्ये. ११ मार्चच्या भूकंपाने आणि त्सुनामीने फुकुशिमासकट पूर्व जपानची अनेक वीजकेंद्रे बंद पडली. पश्चिम जपानमधली केंद्रे शाबूत होती. परंतु ६० हर्ट्झची वीज ५० च्या जाळ्यात सरळ सोडता येत नाही. ती आधी एकदिश करावी लागते आणि मग त्या एकदिश प्रवाहातून नव्या वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह घडवावा लागतो. हे करणारे साकुमाचे केंद्र १९६५ पासून आणि शिन-शिनानोचे १९७७ पासून चालू होते. पण सीमेवरच्या सगळ्या केंद्रांची मिळून क्षमता जेमतेम दहा लाख किलोवॅटच्या आसपास होती आणि टोकियोचा तुटवडा त्याच्या कित्येक पट होता. टोकियो परिसरात पाळीपाळीने वीज बंद ठेवावी लागली. २०२१ मध्ये ही क्षमता एकवीस लाख किलोवॅटवर नेण्यात आली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दोन खरेदी-पत्रांचे व्याज तो देश अजून फेडतो आहे. सगळा देश एका वारंवारतेवर आणण्याची चर्चा तेथे होत आली. खर्च पाहून ती दर वेळी मागे पडते.

आपल्याकडेही सुरुवात अशीच विस्कळीत होती. दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंग जलविद्युत केंद्राने १८९७ मध्ये दिलेली वीज ८३ १/३ हर्ट्झची होती. कोलकात्यात १८९९ मध्ये सुरू झाला तो एकदिश पुरवठा. शिवसमुद्रमहून १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेलेली वीज २५ हर्ट्झची होती आणि यंत्रसामग्री अमेरिकन. टाटांच्या खोपोली केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना जी वीज आली ती मात्र ५० हर्ट्झची. पुढे ब्रिटनच ५० वर स्थिरावल्यामुळे आणि आपली बहुतेक यंत्रे तिकडून येत असल्यामुळे आपणही ५० वर स्थिरावलो. मुंबईच्या लोकलगाड्या १९२५ पासून १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर धावत होत्या. त्या पूर्णपणे २५ हजार व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर यायला २०१६ साल उजाडले. जुन्या रेडिओंवर ‘ए.सी./डी.सी.’ असे लिहिलेले कोणी पाहिले असेल तर त्याचेही कारण हेच: घेणाऱ्याच्या गावात कोणती वीज असेल याचा भरवसा नव्हता.

आता दुकानातल्या त्या दोन डब्यांकडे येऊ. जड डबा म्हणजे स्टॅन्लीचेच रोहित्र, लहान रूपात: लोखंडी गाभा आणि त्यावर तांब्याची वेटोळी. ते वेटोळ्यांच्या प्रमाणात दाब उतरवते, बाकी काही बदलत नाही. २:१ वेटोळी असतील तर २४० चे १२० होतील. पण संध्याकाळी गावातला दाब १९० वर घसरला तर बाहेर ९५ च मिळतील. ५० हर्ट्झ आत गेले तर ५० च बाहेर येतील. घरातला स्टॅबिलायझर ही वेगळी वस्तू. तो आपलाच दाब २३० च्या जवळ ठेवतो, १२० देत नाही.

हलका डबा वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्यात एक अर्धवाहक स्विच असतो. तो प्रत्येक हेलकाव्याचा काही भागच पुढे जाऊ देतो, म्हणजे उष्णतेचा एकूण हिशोब १२० व्होल्टइतका होतो. आपण पंख्याला लावतो त्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचाच हा भाऊ. लहर मात्र तुटकी होते आणि तिची शिखरे तशीच उंच राहू शकतात. २३० व्होल्टच्या लहरीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टला असते, १२० च्या लहरीचे १७० ला. इस्त्रीला किंवा पाणी तापवायच्या साध्या किटलीला याचे काही वाटत नाही. रेडिओ किंवा इतर इलेक्ट्रॉनिक उपकरण मात्र त्यावर जळते. दुकानदार हे सांगतोच असे नाही.

म्हणून आधी उपकरणाच्या पोटात काय आहे ते विचारा. निव्वळ तापणारी तार असेल तर वारंवारतेचा प्रश्नच नाही, दाबाचा आहे. १२० व्होल्टच्या १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध १४.४ ओहम. ती तशीच २३० वर लावली तर सुमारे १६ अँपिअर प्रवाह आणि जवळजवळ ३७०० वॅट. तार काही क्षणांत वितळेल. उलट आपली १००० वॅटची इस्त्री अमेरिकेत नेली तर ती २७२ वॅट देईल आणि सुती शर्टाची सुरकुतीही हलणार नाही. तरीही इस्त्रीसाठी रोहित्र घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. त्या वजनाच्या आणि किमतीच्या मानाने नवी इस्त्री स्वस्त.

ब्रश असलेली मोटर, जी मिक्सरमध्ये, ड्रिलमध्ये, व्हॅक्यूम क्लीनरमध्ये असते, तिलाही वारंवारतेचे फारसे काही नसते. ती एकदिश प्रवाहावरसुद्धा चालते. तिला योग्य दाब मिळाला की झाले. अमेरिकेतली मराठी कुटुंबे ओले खोबरे वाटायला येथून मिक्सर नेतात आणि दाब चढवणाऱ्या रोहित्रावर तो वर्षानुवर्षे चालवतात, ते याच कारणाने. ७५० वॅटच्या मिक्सरला ७५० चेच रोहित्र पुरत नाही. मोटर सुरू होताना प्रवाह अनेक पटींनी उसळतो, म्हणून रोहित्र किमान दुप्पट ताकदीचे, १५०० व्होल्ट-अँपिअरचे घ्यावे. तेथील साध्या सॉकेटची मर्यादाही १५ अँपिअर, म्हणजे १८०० वॅट, हे ध्यानात ठेवावे.

खरी अडचण होते ती वारंवारतेला बांधलेल्या यंत्रांची. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये आणि जुन्या धुलाई यंत्रांत प्रवर्तन मोटर असते. चार ध्रुवांच्या मोटरीचे क्षेत्र ६० हर्ट्झवर मिनिटाला १८०० वेळा फिरते, ५० वर १५००. वेग सहावा हिस्सा कमी होतो, पण तेवढेच होऊन थांबत नाही. गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र दाब भागिले वारंवारता या प्रमाणात असते. १२० भागिले ६० म्हणजे २. तेच १२० व्होल्ट ५० हर्ट्झवर दिले तर २.४. गाभ्यावर वीस टक्के जादा भार. गाभा संपृक्त होतो, प्रवाह वाढतो, मोटर तापत राहते आणि रोहित्र अगदी उत्तम असूनही काही आठवड्यांत जळते. तोल सांभाळायचा तर ५० हर्ट्झवर तिला १०० व्होल्टच द्यायला हवेत. आणि पाहा, टोकियोत नेमके तेच आहेत: १०० भागिले ५० म्हणजे पुन्हा २. अवजड रोहित्राच्या जुन्या मायक्रोवेव्ह भट्टीलाही हीच बाधा होते. पट्टीवर फक्त ६० लिहिलेला फ्रिज किंवा अशी भट्टी आणूच नये. रोहित्र घेतानाही त्याच्या पट्टीवर ५० हर्ट्झ आहे ना ते पाहावे. केवळ ६० साठी केलेला गाभा येथे स्वतःच तापतो.

हेलकावे मोजून वेळ दाखवणारे अमेरिकन गजराचे घड्याळ येथे रोहित्रावर नीट चालू होते आणि तासाला १० मिनिटे मागे पडते. दिवसाला चार तास. जुन्या दूरदर्शन संचांची गोष्ट त्याहून अवघड होती. अमेरिकेत सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे व ५२५ रेषा, आपल्याकडे ५० व ६२५. हे आकडेही विजेच्या वारंवारतेवरूनच निवडले गेले होते. त्यामुळे दाब उतरवूनही पडद्यावर चित्र स्थिर होत नसे.

आखाती देशांचा माल सरसकट आपल्यासारखाच, असा समज कोकणात बराच आहे. दुबई किंवा कुवेतच्या बाबतीत तो बरोबर आहे, तेथे ५० हर्ट्झच आहेत. सौदी अरेबियात मात्र ६० हर्ट्झ आणि घरात पुष्कळदा १२७ व्होल्ट. २०१० मध्ये तेथे २३० व्होल्टकडे जायचे ठरले, पण वारंवारता ६० च राहिली. म्हणून जेद्दाहून आलेल्या खोक्यावर २२० दिसले तरी पुढचा आकडा वाचावा.

रोहित्रांतही दोन जाती आहेत. स्वस्त असते ते एकाच वेटोळ्याचे, ज्याला ऑटोट्रान्सफॉर्मर म्हणतात. त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या तारा एकमेकींना जोडलेल्याच असतात. वेटोळे नको त्या जागी तुटले तर पूर्ण २३० व्होल्ट उपकरणावर येऊ शकतात. दोन वेगळी वेटोळी असलेले रोहित्र जड आणि महाग, पण लहान मुलांच्या घरात मी तेच सुचवीन.

अलीकडच्या बऱ्याच उपकरणांना यातले काहीच लागत नाही. फोनचा चार्जर, लॅपटॉपचा पुरवठा यांच्यावर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले असते. आत येणारी वीज ते आधी एकदिश करतात आणि मग हवी तशी घडवतात. साकुमाचे केंद्र जे करते तेच, तळहातावर. हे वाक्य पट्टीवर असेल तर कन्व्हर्टर घेऊ नका. वर्गातल्या मुलांना घरच्या पाच उपकरणांच्या पट्ट्या उतरवून आणायला सांगा. कोणती उपकरणे जगात कोठेही चालतील ते त्यांचे त्यांनाच ठरवता येईल.

उरतो तो फक्त प्लग. आपल्या जाड गोल पायांच्या प्लगचा नमुना ब्रिटनने १९३४ मध्ये प्रमाणित केला होता. ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पायांचा नवा नमुना स्वीकारून तो हळूहळू सोडला. आपण तो ठेवला. अमेरिकन चपट्या पायांसाठी बाजारात मिळणारा लहानसा अडॅप्टर केवळ पाय बदलतो, दाब नाही. त्यातल्या स्वस्त प्रकारांना अर्थिंगचा तिसरा पाय नसतो. धातूच्या अंगाचे उपकरण असेल तर तिसरा पाय असलेलाच अडॅप्टर मागून घ्यावा.